हात पुढे करा

पहाटेचे पावणेसहा वाजलेत. चर्चच्या फाटकावरचा दिवा अजून चालू आहे. माझ्या एका हातात ताप मोजायची गन आहे, दुसऱ्या हातात सॅनिटायझरची बाटली. समोरच्या रस्त्यावर चुन्याने आखलेल्या गोलांत माणसं उभी आहेत, सहा-सहा फुटांवर एकेक. एरवी मिस्सेआधीच्या या वेळात इथे केवढा गलका असतो. केळीला काय भाव मिळाला, कुणाची लेक बाळंतपणाला आली, कुणाच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं, सगळं इथेच कळतं. आज कुणी मोठ्याने बोलत नाही. सगळ्यांची नजर माझ्यामागच्या बंद दरवाज्यावर लागली आहे.

तेवढ्यात घंटा होते.

घंटा काही बंद पडली नव्हती. गेले सहा महिने ती रोज वाजत होती आणि आम्ही घरात जिथे असू तिथे, विळीवर असू नाहीतर वाडीत, हातातलं काम थांबवून क्रूसाची खूण करत होतो. पण घंटा ऐकून चपला पायांत सरकवायच्या आणि निघायचं, हे आजच. रांगेतल्या एका काकी मास्क सारखा करायच्या निमित्ताने डोळे पुसून घेतात.

आज गुरुवार, 7 ऑक्टोबर 2021. महाराष्ट्रातली देवळं, मशिदी, गुरुद्वारा, चर्च सगळी आज उघडताहेत. सरकारने घटस्थापनेचा मुहूर्त धरला. आमच्या कॅथलिक पंचांगात हाच दिवस पवित्र जपमाळेच्या मातेचा सण आहे. ऑक्टोबर हा सगळा महिनाच जपमाळेचा. या महिन्यात आळीआळीतल्या क्रूसापाशी संध्याकाळी माणसं जमतात आणि माळ ओढतात. मुहूर्त कुणी ठरवून जुळवला नाही, तो जुळला, आणि रांगेतल्या जुन्या माणसांना त्याचं फार अप्रूप वाटतं आहे.

आमचं धर्मग्राम वसईच्या पश्चिमपट्टीतलं. उत्तरेला आगाशी, नंदाखाल. दक्षिणेला पापडी, रमेदी. मधे निर्मळ, गास, गिरीज, सांडोर. मैला-दीड मैलावर चर्चचा मनोरा आणि मनोऱ्याभोवती केळीच्या वाड्या, फुलांचे मळे, बावखलं. 1739 मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा घाट चढून देशावर गेल्या. वाईजवळच्या मेणवलीत आणि भीमाशंकराला त्या आजही टांगलेल्या आहेत. आज तिथलीही दारं उघडणार. एकाच सकाळी, एकाच हुकमाने.

दरवाज्याची मधली कडी आतून सरकते. मी बाटलीचं टोपण काढते.

"हात पुढे करा."

पहिले हात केळीवाल्या काकांचे. केळीच्या चिकाने तळव्यांवर काळे डाग पडलेत; ते साबणाने जात नाहीत, सॅनिटायझरनेही नाहीत. मे महिन्यात तौक्ते वादळाने त्यांची बाग एका दिवसात आडवी केली. तेव्हा चर्च बंद होतं. वादळानंतरच्या रविवारी फाटकाबाहेर उभं राहून, गजांतून आत बघत, काकांनी प्रार्थना केल्याचं मी पाहिलं होतं. त्यांनी पुन्हा मुनवे लावलेत. आज ते गजांच्या आतल्या बाजूला उभे आहेत आणि हात चोळताहेत.

दुसऱ्या हातांना फुलांचा वास येतो. रात्री उशिरापर्यंत या घरात लिलीच्या जुड्या बांधणं चाललं होतं. मुलगा माल घेऊन पहाटेच्या पहिल्या गाडीने दादरला गेला आहे. "देवळं बंद, तर फुलं घेणार कोण, बाय?" काका हात वाळवत म्हणतात. "किती कागडा झाडावरच सुकला. काल पहिल्यांदा व्यापाऱ्याचा स्वतःहून फोन आला." वसईचा ख्रिस्ती शेतकरी फुलं पिकवतो आणि ती मुंबईतल्या देवांच्या गळ्यात पडतात. देवळाचं दार बंद झालं की आमच्या आळीतली चूल मंदावते. म्हणून आज इथे उभं राहून मी फक्त आमच्याच दरवाज्यासाठी आभार मानू शकत नाही.

तिसरे हात एका नर्सचे. रात्रपाळी संपवून ती परस्पर इकडे आली आहे. बोटांच्या सांध्यांवरची कातडी दीड वर्षात सतत धुऊन-धुऊन पापुद्र्यासारखी सुटली आहे. "मला कशाला? मी हातभर लावूनच आलेय," असं म्हणते आणि तरी हात पुढे करते. थेंब पडल्यावर तिला चुरचुरतं. ती डोळे मिटून घेते.

मग अकरा वर्षांचा एक मुलगा, पांढऱ्या सदऱ्यात. त्याचा प्रथम ख्रिस्तप्रसाद दोनदा लांबला. दोनदा शिवलेले कपडे त्याला दोन्ही वेळा आखूड झाले. दहा वर्षांखालच्या मुलांना आणि पासष्टीच्या वरच्यांना घरीच राहायला सांगावं अशी सूचना आहे, त्यामुळे त्याची धाकटी बहीण घरी आहे आणि आजोबाही. तो मला विचारतो, "मी बसू कुठे?" दीड वर्षापूर्वी त्याला हे विचारावं लागलं नसतं. तेव्हा तो आईच्या कुशीजवळ बसायचा. आता प्रत्येक माणसाची जागा वेगळी आहे.

आणि मग माझी आत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, लाल लुगडं, पायांत रबरी चपला. दोन्ही डोस घेतल्याचा कागद तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणला आहे, कुणी मागितलेला नसताना.

"आत्या, तुला घरी थांब म्हटलं होतं ना?"

"थांबले की दीड वर्ष," ती म्हणते. "आता हात पुढे करू का?"

तिचा हात हलका आहे, शेवग्याच्या वाळक्या शेंगेसारखा. मी दोन थेंब टाकते. ती ते पवित्र पाणी असावं तसे दोन्ही तळव्यांना लावते.

आत शिरल्यावर पहिली गोष्ट नजरेत भरते ती दारालगतचं दगडी भांडं. लहानपणापासून या भांड्यात बोटं बुडवून, कपाळाला पाणी लावूनच आम्ही आत पाऊल टाकतो. ते आज कोरडं ठणठणीत आहे. तळाशी पांढुरके थर धरलेत. पवित्र पाणी ठेवायचं नाही, शिंपडायचं नाही, मूर्तींना हात लावायचा नाही, धर्मग्रंथांना हात लावायचा नाही, सगळे नियम दारावर चिकटवलेत. माणसं नियम वाचतात, मान डोलावतात आणि पुढच्याच क्षणी त्यांचा उजवा हात आपसूक त्या भांड्याकडे जातो. मी मोजत नाही, पण असा हात वाकडा करून परत घेणारी माणसं एकामागून एक दिसत राहतात. पायांना वाट माहीत असते तशी हातालाही असते.

बाकांवर चिकटपट्टीचे क्रूस लावलेत, बसायच्या जागा दाखवायला. एक बाक मोकळा, एक बाक बंद. बंद बाकाला सुतळी बांधली आहे. निम्मीच माणसं आत घ्यायची म्हणून आजच्या मिस्सा आळीवार वाटून दिल्या आहेत. एरवी आम्ही घरामागून घर असे बसतो. कुणाचा बाक कुणाचा हे कुठे लिहिलेलं नसतं, पण सगळ्यांना ठाऊक असतं. आज माणसं आपल्याच चर्चमध्ये पाहुण्यासारखी जागा शोधताहेत. आत्याचा बाक डावीकडून चौथा, खांबालगतचा. त्याला सुतळी आहे. ती त्या बाकापाशी जराशी थांबते, सुतळीवर बोट ठेवते आणि मागे जाऊन बसते. त्या बाकावर तिच्याशेजारी चाळीसेक वर्षं एकच बाई बसायची. ती एप्रिलमध्ये गेली.

मिस्सा सुरू होते. गायकवृंदाला परवानगी नाही. ध्वनिमुद्रित संगीत लावायचं असं नियमात आहे. वरच्या माळ्यावर हार्मोनियम आपल्या खोळीतच आहे. स्पीकरमधून प्रवेशगीत सुरू होतं. पहिल्या कडव्याला सगळे गप्प असतात. दुसऱ्या कडव्यापर्यंत मास्कांआडून एक गुणगुण यायला लागते. ओठ दिसत नाहीत, शब्द कळत नाहीत, पण मधमाश्यांच्या पोळ्यासारखा एक आवाज फरशीवरून वर चढत जातो. फादर वेदीपाशी उभे आहेत. ते हात वर करून कुणाला थांबवत नाहीत, स्वतःही गात नाहीत. त्यांचा कंठ दाटल्याचं मला इथून, शेवटच्या खांबापासून दिसतं.

गेल्या दीड वर्षातला बराच काळ ते कॅमेऱ्यासमोर मिस्सा करत होते. रिकाम्या बाकांपुढे एका तिकाटण्यावर मोबाइल असायचा, आणि घरोघरी तो दुसऱ्या मोबाइलवर, डब्याला टेकवून, दिसायचा. मला त्या मोबाइलविषयी वाईट बोलायचं नाही. त्याने आम्हाला धरून ठेवलं. 27 मार्च 2020 च्या रात्री साडेदहाला पोप फ्रान्सिस रोमच्या त्या प्रचंड रिकाम्या चौकात पावसात एकटे चालत आले, ते आत्याने आणि मी एकाच पडद्यावर पाहिलं. संपल्यावर कितीतरी वेळ आम्ही दिवा लावला नाही. पण त्यानंतर तीनच आठवड्यांनी त्याच पोपनी रोजच्या मिस्सेच्या प्रवचनात सावध केलं होतं: पडद्यावरची ही भेट संकटकाळापुरती आहे, माणसांवाचून आणि संस्कारांवाचून चर्च होत नाही. तेव्हा आम्हाला ते नीट कळलं नव्हतं. आज प्रतिसाद द्यायची वेळ येते तेव्हा कळतं. फादर दोन्ही हात पसरून आम्हाला अभिवादन करतात आणि दीडशे गळ्यांतून उत्तर जातं. फादरांचा पुढचा शब्द किंचित उशिरा येतो. कितीतरी महिने त्यांनी हे वाक्य म्हटलं आणि उत्तराला भिंत होती.

हे उत्तर मराठीत आहे, याचंही मोल आज वेगळं वाटतं. आत्याच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची आणि धर्मगुरू लोकांकडे पाठ करून उभे राहायचे. 1962 ते 1965 या काळात व्हॅटिकनची दुसरी विश्वपरिषद भरली, त्यानंतर वेदी लोकांकडे वळली आणि देव वसईत मराठी बोलू लागला. आत्या ते सांगते तेव्हा काल घडल्यासारखं सांगते: "पहिल्यांदा फादरांचं तोंड दिसलं आणि ते काय म्हणतात ते समजलं." ज्या बाईने देवघराची भाषा बदललेली पाहिली, तिला नियम बदलल्याचं भय नाही. तिला भय होतं ते दार पुन्हा बंद होण्याचं. कारण हे आमचं दुसरं उघडणं. मार्च 2020 मध्ये बंद झालेली दारं 16 नोव्हेंबरला, दिवाळी पाडव्याला उघडली होती. मग 4 एप्रिल 2021 ला आम्ही पास्काचा सण केला, पुनरुत्थानाच्या मेणबत्त्या पेटवल्या, आणि दुसऱ्या दिवशी रात्री आठपासून कुलूप लागलं.

शुभवर्तमान वाचलं जातं. लूकच्या अकराव्या अध्यायातलं: एक माणूस मध्यरात्री मित्राच्या दारी जातो आणि तीन भाकरी मागतो. मित्र आतून सांगतो की दार लावलंय, मुलं झोपलीत, मला त्रास देऊ नकोस. पण बाहेरचा हटत नाही, आणि त्याच्या त्या चिकाटीपुढे आतल्याला उठावंच लागतं. मग येशू सांगतो की ठोठावत राहणाऱ्याला दार उघडलं जातं.

चर्चमध्ये हालचाल थांबते. फादर ग्रंथ मिटतात आणि आमच्याकडे बघतात.

"हे वाचन मी निवडलेलं नाही," ते म्हणतात. "आज जगभरच्या चर्चमध्ये हेच वाचलं जातंय. आजच्या गुरुवारचं हेच आहे." थोडं थांबून म्हणतात, "मी दीड वर्ष आत होतो. तुम्ही बाहेर होतात. मला रोज वाटायचं की ठोठावणारे तुम्ही आहात. खरं सांगतो, ठोठावत मी होतो. आतून." एवढंच प्रवचन. ते जाऊन बसतात.

त्यानंतर मृतांची नावं. एरवी दोन-तीन असतात, फार तर पाच. आज फादरांच्या हातात घडी घातलेला मोठा कागद आहे आणि ते एकेक नाव वाचताहेत, आडनावासकट, आळीसकट. यातल्या कितीतरी जणांची मरणघंटा वाजली तेव्हा गाव घराबाहेर पडू शकलं नाही. वीस माणसांची मर्यादा होती, आणि जिथे करोनाने मरण आलं तिथे वीसही नव्हती. आमच्याकडे मरण हे एका घराचं नसतं. घंटा वाजली की माणूस हातातलं टाकून त्या घरी जातो, खांदा देतो, दफनभूमीत मूठभर माती टाकतो आणि मगच घरी येऊन आंघोळ करतो. ते सगळं राहून गेलं. कागद उलटला जातो. मागच्या बाजूलाही नावं आहेत. बाकांमधून कुठे-कुठे एखादं डोकं खाली जातं, आपल्या घरचं नाव आलं की. डावीकडच्या चौथ्या बाकावरचं नाव येतं तेव्हा आत्या डोकं खाली घालत नाही. ती त्या सुतळी बांधलेल्या बाकाकडे बघत राहते.

आता ख्रिस्तप्रसाद. फादर आधी वेदीवरच सगळ्यांसमोर हात निर्जंतुक करतात, मास्क चढवतात, मग खाली येतात. माणसं मधल्या वाटेने एकेक पुढे सरकतात. प्रसाद जिभेवर मिळणार नाही, फक्त हातावर. आत्याने सात वर्षांची असल्यापासून तो जिभेवरच घेतला आहे. देवाला हात लावण्याची आपली पायरी नाही, असं तिला शिकवलेलं होतं. मी तिच्यामागे उभी आहे. तिची पाळी येते. ती डोळे मिटून तोंड वर करते, सवयीने, मास्क लावलेला असतानाच. मग तिच्या लक्षात येतं.

फादर थांबतात. मागची रांग थांबते. कुणी कुजबुजत नाही.

आत्या हात पुढे करते. उजव्या तळव्यावर डावा तळवा ठेवायचा, हे रविवारी ऑनलाइन दाखवलं होतं. तिने ते घरी देव्हाऱ्यापुढे करून पाहिलेलं मला माहीत आहे. बोटं थरथरतात म्हणून ओंजळ नीट जमत नाही. फादर प्रसाद ठेवतात, तिच्या हाताला हात न लावता, वरून अलगद. पांढरी गोल चकती तिच्या तळव्यावरच्या रेषांमध्ये पडते. रुपयाएवढी. इतकी पातळ की श्वासाने उडावी. या तळव्यांनी साठ वर्षं भात लावला, गवत कापलं, मेलेल्यांना आंघोळ घातली. ती त्या चकतीकडे नुसती बघते. एवढ्या जवळून तिने ती कधी पाहिलेलीच नाही. जिभेवर आली की डोळे मिटलेले असायचे.

"आमेन," ती म्हणते, आणि बाजूला होऊन, मास्क खाली ओढून, दुसऱ्या हाताने प्रसाद उचलून तोंडात ठेवते.

मग माझी पाळी येते आणि मीही हात पुढे करते. सकाळपासून मी हे दोन शब्द कितीतरी लोकांना म्हणत आले. दीड वर्ष आम्ही पडद्यावर पाहिलं सगळं. ऐकलंही सगळं. पडद्यातून काही हातावर ठेवता येत नाही, आणि आमचा सगळा धर्म या हातावर ठेवलेल्या घासाभोवती उभा आहे. घास कुणीतरी द्यावा लागतो. तो देणारा समोर आणि घेणारे आजूबाजूला असावे लागतात. परतून आल्यावर मला एवढं एकच नक्की समजलं आहे आणि ते मी आयुष्यभर विसरणार नाही.

मिस्सा संपते. तरुण पोरं फवारणीचे पंप पाठीला लावून बाकांमधून फिरायला लागतात, कारण साडेसातला पुढची आळी यायची आहे. बाहेर उजाडलं आहे. पलीकडच्या रस्त्याने एक बाई डोक्यावर टोपली घेऊन लगबगीने चालली आहे, टोपलीत घट, माती, झेंडू. फुलवाले काका तिला थांबवून आपल्या पिशवीतली तुळशीची जुडी देतात. "आज देवीला घाल," म्हणतात. पैसे घेत नाहीत.

आत्या घराकडे वळत नाही. ती चर्चच्या मागे दफनभूमीकडे निघते, मी तिच्या मागोमाग. पावसाने गवत गुडघाभर वाढलंय. एप्रिल-मेमधल्या कबरी एका ओळीत आहेत. लाकडी क्रूसांवरचे आकडे एकमेकांजवळचे, कुठे एका दिवसाचं अंतर, कुठे तेही नाही. आपल्या बाकाच्या जोडीदारणीचा क्रूस आत्या बरोबर शोधते, जणू तिला कुणी वाट सांगून ठेवली होती. त्या दिवशी ॲम्ब्युलन्स थेट इथे आली होती. आत्या आपल्या ओट्यावर उभी राहून, दोन वाड्यांपलीकडून, घंटा मोजत होती.

ती खाली बसते. गवत बाजूला सारते आणि ओल्या मातीत बोटं घालून मूठ भरून घेते. मूठ कबरीवर धरते, पण लगेच सोडत नाही.

"उशीर झाला गं," ती म्हणते. मला नाही.

मग मूठ उघडते. माती ओली असल्यामुळे ती भुरभुरत नाही, एक गोळाच पडतो, टप्प असा. ती आणखी एक मूठ घेते. "ही तुझ्या आईची," मला सांगते. आई घरी आहे. तिला श्वास लागतो म्हणून आम्ही तिला आणलेलं नाही. तिसरी मूठ आळीतल्या कुणाची तरी, चौथी आणखी कुणाची. नावं घेत ती माती देत राहते.

उठताना तिला माझा आधार लागतो. तिचा हात मनगटापर्यंत चिखलाने भरला आहे. माझा हात आपोआप पिशवीतल्या बाटलीकडे जातो.

"राहू दे," आत्या म्हणते. "घरी जाऊन आंघोळच करायची आहे."

साडेसातच्या मिस्सेची घंटा होते. फाटकावर पुढच्या आळीची रांग लागली असेल. आत्याला वाडीच्या वाटेला लावून मी परत येते आणि बाटलीचं टोपण काढते.